पाच शब्द आणि एक बाळ

२१ जानेवारी २०२५ला सकाळी मोबाइल उघडला तर ताईचे सात मेसेज येऊन पडले होते. ताई म्हणजे माझी मावसबहीण. न्यू जर्सीत अकरा वर्षं झाली, एच-वन-बीवर आहे, नवराही एच-वन-बीवर. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख दिली होती डॉक्टरांनी. सात मेसेजपैकी सहा नुसते फॉरवर्ड होते. सातवा तिचा स्वतःचा: "तू दिवसभर कवितेतला एकेक शब्द धरून बसतेस ना? मग हे वाच आणि सांग, यात मी आहे का?"

सोबत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदल्या दिवशी सही केलेला आदेश होता. जेमतेम दोन-तीन पानांचा. मी साहित्य शिकवते, कायद्याशी माझा संबंध भाडेकरारापुरता. पण प्रश्न वाचनाचा होता, म्हणून वाचायला बसले. त्यात मी होते ती अजून आहेच. गेल्या काही महिन्यांत अमेरिकेतल्या न्यायालयांची जेवढी निकालपत्रं वाचली तेवढ्या कादंबऱ्या वाचल्या नाहीत. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे. निकालपत्रं साहित्यासारखी वाचता येतात का, आणि वाचली तर काय दिसतं, एवढंच मला सांगायचं आहे. कोण जिंकलं आणि कोण हरलं ते बातम्यांत मिळतं.

आधी आदेश. त्यात म्हटलं होतं की दोन प्रकारच्या बाळांना यापुढे जन्माने नागरिक मानू नये. पहिला प्रकार: आई बेकायदा राहणारी, आणि वडील ना नागरिक ना ग्रीनकार्डवाले. दुसरा प्रकार: आई कायदेशीर पण तात्पुरती राहणारी, आणि वडील तसेच. आदेश लागू होणार तीस दिवसांनी, म्हणजे १९ फेब्रुवारीनंतर जन्मणाऱ्यांना. आपल्याकडे त्या दिवशी शिवजयंती असते. ताईच्या कॅलेंडरवर ती तारीख आता वेगळ्याच कारणासाठी लाल झाली.

म्हणजे उत्तर सरळ होतं: हो ताई, तू यात आहेस. दुसऱ्या कलमात. अकरा वर्षं कर भरून, घर घेऊन, तू अजून 'तात्पुरती' आहेस. ग्रीनकार्डच्या रांगेत एका देशाला वर्षाला सात टक्क्यांची मर्यादा आहे, आणि भारतीयांची रांग दशकांमध्ये मोजतात. तिथलं 'तात्पुरतं' हे एखाद्याचं सगळं नोकरीचं आयुष्य असू शकतं.

पण आदेश हा शेवटचा शब्द नव्हे. तो ज्या वाक्याचा अर्थ लावतो असं म्हणतो ते वाक्य १८६८चं आहे, अमेरिकी राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतलं पहिलंच. अमेरिकेत जन्मलेल्या आणि तिच्या अधिकारकक्षेत असलेल्या सगळ्या व्यक्ती नागरिक आहेत, असा त्याचा आशय. वादाचं मूळ त्यातल्या पाच इंग्रजी शब्दांत आहे: सब्जेक्ट टू द ज्युरिस्डिक्शन देअरऑफ. अधिकारकक्षेत असणं म्हणजे काय?

साधा अर्थ असा की तिथला कायदा तुम्हाला लागू असणं. ताईने सिग्नल तोडला तर तिला दंड होतो, म्हणजे ती कक्षेत आहे. परदेशी राजदूताच्या बायकोने तोडला तर तिच्यावर खटला चालत नाही, म्हणून राजदूताचं मूल कक्षेबाहेर. आक्रमण करून आलेल्या शत्रुसैन्याची मुलंही बाहेर. तेव्हाच्या आदिवासी जमातींचा प्रश्न निराळा होता, कारण त्यांची स्वतःची राजवट मानली जाई. दुसरा अर्थ, जो आदेशाचे समर्थक लावतात, तो असा की कक्षा म्हणजे नुसतं कायदा पाळणं नव्हे, तर निष्ठा आणि कायमचं वास्तव्य. या अर्थाने पाहुण्याचं मूल पाहुणंच.

कवितेत असा पेच आला की आपण दोन गोष्टी करतो. ती ओळ कोणत्या ओळीला उत्तर म्हणून आली ते बघतो, आणि तिच्या पहिल्या वाचकांनी ती कशी वाचली ते बघतो.

ही ओळ १८५७च्या ड्रेड स्कॉट निकालाला उत्तर होती. गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज या देशाचे नागरिक होऊच शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं होतं. त्यानंतर यादवी युद्ध झालं, लाखो माणसं मेली, आणि मग हे वाक्य लिहिलं गेलं. नागरिकत्व कुणाच्या मेहेरबानीवर राहू नये, म्हणून ते जन्माच्या जागेला बांधलं. पहिल्या वाचकांचं म्हणाल तर १८६६मध्ये सिनेटमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या कावन यांनी हरकत घेतलीच होती: मग चिनी लोकांची आणि जिप्सींची मुलंही नागरिक होणार का? कॅलिफोर्नियाचे कॉनेस, जे स्वतः आयर्लंडमध्ये जन्मलेले, त्यांनी उत्तर दिलं की हो, होणार. म्हणजे प्रश्न लिहिणाऱ्यांना सुचलाच नव्हता असं नाही. सुचला होता, विचारला गेला होता, आणि तरी वाक्य तसंच ठेवलं.

आता निकालपत्रांकडे येते. मला सगळ्यात आधी भेटला वाँग किम आर्क. १८७३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, चिनी आईबापांचा मुलगा, पेशाने आचारी. चीनला जाऊन १८९५मध्ये परत आला तर बंदरावर अडवला: तू नागरिक नाहीस. काही महिने त्याला किनाऱ्यासमोरच्या बोटींवर ठेवलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २८ मार्च १८९८ला सहा विरुद्ध दोन असा निकाल लागला: तो जन्माने नागरिक आहे.

बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती होरेस ग्रे यांचं. छापील पन्नासहून जास्त पानं, आणि खरं सांगू तर भयंकर कंटाळवाणी. १६०८चा इंग्लंडमधला खटला, मग त्यावरचं भाष्य, मग त्या भाष्यावरचं भाष्य. बोटीवर अडकलेला तरुण आचारी त्यात जवळजवळ दिसतच नाही. पहिल्यांदा वाचताना मी चिडले. माणूस कुठे आहे यात?

मग त्याच्या शेजारी दुसरं निकालपत्र ठेवून वाचलं. १८८९चं, छे चान पिंग खटल्यातलं, न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांचं. हा मजूर कॅलिफोर्नियात बारा वर्षं राहिला, १८८७मध्ये परत येण्याचा सरकारी दाखला घेऊन चीनला गेला. ऑक्टोबर १८८८मध्ये त्याची बोट परतली. आदल्याच आठवड्यात काँग्रेसने कायदा करून असे सगळे दाखले रद्द केले होते. बोट समुद्रात असताना त्याच्या खिशातला कागद रद्दी झाला. न्यायालयाने एकमताने म्हटलं की परक्याला आत घ्यायचं की नाही हा सरकारचा अधिकार आहे, त्यात आम्ही पडणार नाही. या विचाराची लांब सावली आजही तिथल्या स्थलांतराच्या कायद्यावर आहे.

फील्ड लिहितात मात्र झोकात. त्यांचं गद्य वाहतं, त्यात चित्रं आहेत: चहूकडून येणारी गर्दी, मिसळायला तयार नसलेले परके, देशावर चालून येणाऱ्या झुंडी. हे चित्र मराठी वाचकाला नवं नाही. 'लोंढे' हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आपण लहानपणापासून वाचतो. लोंढा पाण्याचा असतो, त्याला नाव नसतं, दाखला नसतो, बारा वर्षांची नोकरी नसते. एकदा माणसांना पाणी म्हटलं की बांध घालणं हेच शहाणपण ठरतं. फील्ड यांच्या निकालात युक्तिवादाचं निम्मं काम ही प्रतिमाच करून टाकते.

तेव्हा कुठे ग्रे यांच्या कंटाळवाणेपणाचं मोल मला कळलं. त्यांच्या पानांत लोंढा नाही, कारण तिथे प्रतिमाच नाही. आहे तो फक्त नियम, आणि एक अडचणीचा मुद्दा: चिनी आईबापांच्या मुलाला नाकारायचं तर इंग्लिश, आयरिश, जर्मन आईबापांच्या हजारो मुलांनाही नाकारावं लागेल, ज्यांना आजवर कुणी हटकलं नाही. नियम रुक्ष असतो तेव्हा तो सगळ्यांना सारखा रुक्ष असतो. त्या बोटीवरच्या आचाऱ्याला सहानुभूतीपेक्षा याची जास्त गरज होती.

ग्रे यांच्या निकालात एक फट आहे, तीही सांगायला हवी. वाँगचे आईवडील तेव्हा अमेरिकेत कायमचे राहत होते, असा उल्लेख त्यात परत परत येतो. आदेशाचे समर्थक त्याच उल्लेखावर बोट ठेवतात: बघा, निकाल कायम राहणाऱ्यांपुरता आहे. मला हे वाचन पटत नाही. ग्रे ज्या जुन्या नियमावर सगळी इमारत उभी करतात, त्यात थोड्या काळासाठी आलेला परकाही कक्षेतच धरला आहे. पण उल्लेख आहे, आणि तो नसल्यासारखं करून समीक्षा होत नाही.

मतभेद नोंदवणाऱ्या दोघांत एक नाव वाचून मी थबकले: जॉन मार्शल हार्लन. हे तेच, ज्यांनी दोनच वर्षांपूर्वी, १८९६मध्ये, काळ्या-गोऱ्यांना वेगवेगळे रेल्वेडबे देणाऱ्या कायद्याविरुद्ध एकट्याने मत नोंदवलं. राज्यघटना रंगआंधळी आहे, हे त्यांचं म्हणणं आज पोस्टरांवर आणि इन्स्टाग्रामवर फिरतं. पण ते मतपत्र पूर्ण वाचा. थोड्याच ओळींनी खाली ते चिनी वंशाबद्दल लिहितात: इतका वेगळा, की त्याला आम्ही नागरिक होऊ देत नाही, आणि तरी तो गोऱ्यांच्या डब्यात बसू शकतो, काळा नागरिक नाही! त्यांच्या युक्तिवादाची ही एक पायरीच आहे. एकाला आत घ्यायला दुसरा बाहेर उभा लागतो. स्क्रीनशॉटमध्ये ही पायरी येत नाही.

ही पायरी मला पुन्हा भेटली, आणि या वेळी ती आपली होती.

भगत सिंग थिंड हे पंजाबी शीख. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. तेव्हाच्या कायद्याने अर्ज करून नागरिक होण्याची मुभा 'गोऱ्या व्यक्तीं'ना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना होती. नोव्हेंबर १९२२मध्ये ओझावा या जपानी माणसाला सर्वोच्च न्यायालयाने नाकारलं, कारण गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. थिंड यांच्या बाजूने म्हटलं गेलं: उत्तम, तुमचेच वंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हणतात. तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ला, त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं की शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस गोरा कुणाला म्हणतो ते महत्त्वाचं. दोन्ही निकाल एकमताने. एका हाताने शब्दकोश उघडायचा, दुसऱ्या हाताने मिटायचा. शब्दाचा अर्थ आधी ठरवून मग माणूस तपासला असं या निकालांत होत नाही. माणूस आधी ठरतो.

इथवर राग येणं सोपं आहे. अवघड गोष्ट पुढे आहे. थिंड यांच्या बाजूने न्यायालयात काय सांगितलं गेलं? की ते उच्चजातीय हिंदू आहेत, आर्य आहेत, जातीबाहेर लग्न होत नसल्याने रक्त शुद्ध राहिलं आहे. जातिव्यवस्था हा पुरावा म्हणून मांडला गेला. आम्ही इतरांना बाहेर ठेवत आलो, म्हणून आम्हाला आत घ्या. आणि याच्या सातच वर्षं आधी, मे १९१६मध्ये, त्याच देशात, न्यूयॉर्कमध्ये, एक पंचविशीतला विद्यार्थी जातीवरचा निबंध वाचत होता. जातीच्या आतच लग्न करण्याच्या बंधनावर जात कशी उभी आहे, हे डॉ. आंबेडकर त्यात उलगडून दाखवत होते. एका निबंधात जो रोग आहे, तोच दुसरीकडे वकिलाच्या कागदांत प्रशस्तिपत्र झाला.

थिंड यांच्या वकिलांत एक नाव आहे सखाराम गणेश पंडित. मराठी कानाला ते नाव अगदी वाड्यातलं वाटतं. लॉस एंजेलिसमध्ये वकिली करणारे पंडित १९१४मध्ये अमेरिकी नागरिक झाले होते. थिंड हरल्यावर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. पंडितही त्यात आले. ते स्वतःचा खटला लढले आणि १९२६मध्ये जिंकले, पण गोरे म्हणून नव्हे. एकदा न्यायालयाने दिलेला निर्णय आहे, त्यावर विसंबून माणसाने आयुष्य उभं केलं आहे, आता तो उकरता येणार नाही, या आधारावर. जातीच्या मोठ्या युक्तिवादाने जे दिलं नाही ते प्रक्रियेच्या रुक्ष नियमाने दिलं. ग्रे यांची पन्नास पानं मला इथे पुन्हा आठवली.

आणि आता परत २०२५. आदेशानंतर तीन दिवसांत सिएटलच्या न्यायाधीश कॉफनावर यांनी त्याला तात्पुरती स्थगिती दिली. रेगन यांनी नेमलेला हा माणूस, आदेश उघडउघड घटनाबाह्य आहे म्हणाला. फेब्रुवारीत मेरीलँड आणि मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयांनीही देशभरासाठी आदेश रोखला. ताईची तारीख या भिंतींच्या आत पडली. मग २७ जून २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला: संघीय न्यायालयाच्या एखाद्या न्यायाधीशाला अशी देशभराची मनाई करण्याचा अधिकार बहुधा नाही, वादी असलेल्यांना दिलासा द्या, बाकीच्यांना नाही.

न्यायमूर्ती बॅरेट यांचं हे निकालपत्र मी दोनदा वाचलं. लेखन म्हणून ते नेटकं आहे. १७८९च्या कायद्याने न्यायालयांना कोणते उपाय दिले, तेव्हा इंग्लंडमध्ये काय चाले, याची शिस्तीत मांडणी आहे. त्यातला मुद्दाही खोटा नाही. सहाशेहून जास्त जिल्हा न्यायाधीश आहेत. वादी आपल्याला सोयीचा न्यायाधीश शोधतात. २०१५मध्ये टेक्सासच्या एका न्यायाधीशाने ओबामांचा स्थलांतरितांना दिलासा देणारा कार्यक्रम असाच रोखला होता, तेव्हा आज चिडलेले लोक या हत्याराबद्दल वेगळं बोलत होते.

माझी तक्रार त्यात जे नाही त्याबद्दल आहे. बाळं जन्मत असताना, बाळ नागरिक आहे की नाही हा प्रश्न निकालाने बाजूला ठेवला. मी ग्रे यांच्या रुक्षतेची बाजू घेतली, मग इथे का नाही? कारण ग्रे यांची रुक्षता प्रश्नाचं उत्तर देते. इथली रुक्षता प्रश्नाभोवतीचं कुंपण रंगवते. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी आपलं विरोधी मत कोर्टात वाचून दाखवलं, आणि त्याचा रोख हाच होता: ज्याला कोर्टात जाता येत नाही त्याचा हक्क तोवर कुठे राहणार?

उत्तर आलं ते पुन्हा प्रक्रियेतूनच. १० जुलैला न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश लाप्लांट यांनी २० फेब्रुवारी २०२५पासून जन्मलेल्या आणि जन्मणाऱ्या अशा बाळांचा एक वर्ग मान्य करून त्या सगळ्यांसाठी आदेश रोखला. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नच सुनावणीला घेतला. ताईची मुलगी तेव्हा नऊ महिन्यांची होती. तिला अजून आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं, पण ती एका सामूहिक दाव्यात होती.

या सगळ्यात एक शब्द मला पाच शब्दांइतकाच महत्त्वाचा वाटू लागला: 'व्यक्ती'. योग्य प्रक्रियेची हमी अमेरिकी घटना नागरिकाला नाही, व्यक्तीला देते. १८८६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी धोबीवाल्यांना न्याय मिळाला तो या शब्दामुळे. मे २०२५मध्ये, टोळीचे सदस्य ठरवून व्हेनेझुएलाच्या लोकांना १७९८च्या कायद्याखाली हाकलण्याचा प्रश्न आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जेमतेम चोवीस तासांची नोटीस पुरेशी नाही. आपल्या घटनेतही अनुच्छेद २१ व्यक्तीला संरक्षण देतो, अनुच्छेद १९ फक्त नागरिकाला.

आणि आपलं काय? आपल्याकडेही जन्माने नागरिकत्व होतं. १९५५च्या कायद्यात होतं. १ जुलै १९८७पासून आई किंवा वडील भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४पासून दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा ही अट आली. ताईच्या बाळाला जो नियम लागू होईल म्हणून आम्ही घाबरलो, त्याहून कडक नियम आपण वीस वर्षांपूर्वी करून बसलो आहोत, आणि आमच्या घरात त्याबद्दल कुणी एक मेसेज फॉरवर्ड केल्याचं मला आठवत नाही.

एका रविवारी मावशीकडे जेवायला गेले होते. काका, म्हणजे ताईचे वडील, म्हणाले, "अगं, त्या चोरून येणाऱ्यांना काढा ना. आमची पोरगी शिकलेली, टॅक्स भरणारी. तिला त्यांच्या रांगेत कशाला उभी करता?" मी काही बोलले नाही. ताटात आमटी होती आणि डोक्यात थिंड यांचे वकील. शंभर वर्षं झाली तरी आमचा अर्ज तोच आहे: आम्ही त्यांच्यासारखे नाही. त्या आदेशाने मात्र काकांच्या लेकीला आणि सीमा ओलांडून आलेल्या बाईला एकाच पानावर, वरखाली दोन कलमांत बसवलं. आणि दोघींच्या बाळांना वाचवणारं वाक्यही एकच आहे. त्यात शिक्षण नाही, जात नाही, कर नाही, व्हिसाचा प्रकार नाही. तुमच्यासाठी वेगळं आणि त्यांच्यासाठी वेगळं असं ते वाचताच येत नाही. काका, तिला वाचवणारा नियम हवा असेल तर तो त्या बाईलाही वाचवणाराच असेल. हे मी त्यांना परवा फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बघू." काकांच्या तोंडी 'बघू' म्हणजे बरंच झालं.

मुलीचा जन्म झाल्यावर ताईने जन्मदाखल्याचा फोटो पाठवला होता. त्यावर नाव, वेळ, वजन, गावाचं नाव. आईवडिलांच्या व्हिसासाठी रकाना नाही. मी तो झूम करून सगळा वाचला. सवयच लागली आहे आता.

तिने खाली लिहिलं होतं: "यात ती आहे ना?"

हो ताई, यात ती आहे.